इफेक्ट दिल्यावर मासा निळा किंवा प्लास्टिकचा दिसतो: कारणे आणि उपाय

मासेमारीचे फोटो मोबाइलवर सुधारणाऱ्या अनेकांना एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. मूळ फोटो थोडा फिका असतो, पण खरा वाटतो. त्यावर एखादा तयार फिल्टर किंवा रंग खुलवणारा इफेक्ट दिला की समुद्र आणि आकाश उजळते, बोटीचा रंग उठून दिसतो. मात्र ज्या माशासाठी फोटो काढला तोच निळसर पडतो, त्याच्या अंगावरची चकाकी पांढऱ्या डागांत बदलते आणि खवले प्लास्टिकवर ठसे उमटवल्यासारखे दिसू लागतात. मासा धरणाऱ्याचे हात त्याच वेळी नारिंगी होतात. फिल्टर बदलून पाहिला तर दोषाची जागा बदलते, दोष जात नाही.

मी गेली काही वर्षे ससून डॉक, वर्सोवा आणि माहीमच्या किनाऱ्यावर फोटो काढत आहे. माझा मावसभाऊ वरळीच्या खडकांवर आणि गोराईच्या खाडीत नियमित गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो व त्याचे फोटोही दुरुस्तीसाठी माझ्याकडेच येतात. या दोन्ही कामांतून माझी खात्री झाली आहे की बहुतेक वेळा चूक इफेक्टच्या निवडीत नसते. चंदेरी मासा हा आरसा आहे, ही गोष्ट लक्षात न घेता संपूर्ण फोटोवर एकच इफेक्ट दिला जातो, आणि तिथे सगळे बिघडते.

मूळ कारण

पापलेट, सुरमई, बांगडा, जिताडा यांची चंदेरी झाक एखाद्या रंगद्रव्यामुळे आलेली नसते. त्यांच्या त्वचेत ग्वानिन या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक थरावर थर रचलेले असतात आणि त्या थरांवरून प्रकाश परावर्तित होतो. पाण्यात असताना हीच रचना माशाला भोवतालच्या उजेडात मिसळून जाण्यास आणि शत्रूच्या नजरेपासून लपण्यास मदत करते. पाण्याबाहेर आल्यावरही तिचे काम थांबत नाही. मासा निळ्या ताडपत्रीवर ठेवला तर ताडपत्री, नारिंगी लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाच्या छातीशी धरला तर जॅकेट, आणि मोकळ्यावर धरला तर वरचे आकाश त्याच्या अंगावर उतरते. प्रत्यक्ष पाहताना आपली नजर ही झाक सवयीने वजा करते, म्हणून ती जाणवत नाही. कॅमेरा ती जशीच्या तशी नोंदवतो.

यात इफेक्टची भर कशी पडते, हे नीट समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. बहुतेक तयार फिल्टरांमध्ये सॅच्युरेशन किंवा व्हायब्रन्स वाढवलेले असते. सॅच्युरेशन सगळ्या रंगांना साधारण सारखाच जोर देते, तर व्हायब्रन्स आधीच गडद असलेल्या रंगांना कमी आणि फिक्या रंगांना जास्त जोर देते. माणसांच्या फोटोंसाठी व्हायब्रन्स सौम्य मानले जाते आणि ते खरेही आहे. परंतु चंदेरी माशाच्या अंगावर जे रंग असतात ते सगळेच फिके असतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा आकाशाच्या किंवा ताडपत्रीच्या प्रतिबिंबाचा असतो. म्हणजे जो रंग माशाचा नाहीच, तोच सर्वांत जास्त वाढतो. सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स सुरक्षित, असे गृहीत धरणाऱ्यांचे फोटो म्हणूनच अधिक निळे पडतात. सुरुवातीला मीही अनेक फोटो याच समजुतीने बिघडवले.

दुसरी भर मोबाइलच्या आपोआप चालणाऱ्या व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून प्रकाशाचा रंग भरून काढणाऱ्या सोयीची, पडते. चौकटीचा मोठा भाग एकाच रंगाने व्यापलेला असेल तर प्रकाशच त्या रंगाचा आहे असा अंदाज कॅमेरा अनेकदा बांधतो आणि फोटो विरुद्ध रंगाकडे ढकलतो. निळ्या ताडपत्रीवर मांडलेल्या मासळीचा फोटो त्यामुळे पिवळसर होतो आणि हात, टोपल्या, लाकडी फळ्या हे सगळे भाजल्यासारखे तांबूस दिसतात.

आधी निदान

दुरुस्तीला लागण्यापूर्वी मूळ फोटो, म्हणजे कोणताही इफेक्ट न दिलेला फोटो, उघडावा आणि त्यात खरोखर पांढरी असलेली एखादी वस्तू शोधावी. मुंबईच्या कोणत्याही बंदरावर किंवा बाजारात थर्माकोलचे खोके हाताशी असते आणि ते या कामाला उत्तम, फक्त ते जुने होऊन पिवळे पडलेले नसावे आणि माशावर पडतो त्याच उजेडात असावे. मासा उन्हात आणि खोके बोटीच्या सावलीत असेल तर तुलना फसते, कारण सावलीतला उजेड आकाशाकडून येतो आणि तो उन्हापेक्षा बराच निळा असतो.

थर्माकोलही निळे दिसत असेल तर दोष संपूर्ण प्रकाशाचा आहे आणि तो व्हाइट बॅलन्सने सुटेल. थर्माकोल पांढरेच आहे आणि फक्त मासा निळा आहे, तर ते प्रतिबिंब आहे. अशा वेळी व्हाइट बॅलन्सला हात लावला तर मासा सुधारेल आणि बाकी सगळे पिवळे पडेल. या दोन अवस्थांची गल्लत हेच ही तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचे सर्वांत मोठे कारण आहे, असे माझे मत आहे. आणखी एक सूचना इथेच देतो: व्हाइट बॅलन्ससाठी ड्रॉपरने (बोट टेकवून रंग उचलण्याच्या साधनाने) तटस्थ, म्हणजे पांढरा किंवा राखाडी, बिंदू निवडायचा असेल तर तो माशाच्या अंगावरून कधीही निवडू नये. राखाडी रंग दिसला की हात आपोआप तिकडेच वळतो, पण तो राखाडी रंग माशाचा नसून समोरच्या वस्तूचा असतो.

त्याच वेळी मोबाइलच्या स्क्रीनवरचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, हेही पाहून घ्यावे. पहाटे चारला उठून काढलेले फोटो लोकलमध्ये बसून सुधारताना हा मोड चालूच राहतो; मग पिवळ्या दिसणाऱ्या फोटोत आपण निळा रंग ओतत जातो आणि दिवसा तो फोटो पाहिल्यावर दचकतो.

दुरुस्तीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. रंगाला सर्वांत शेवटी हात लावावा. प्रथम एक्सपोजर (एकूण उजेड) आणि हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) पाहावेत, कारण ओल्या माशावरची चकाकी हाच सर्वांत नाजूक भाग असतो. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक मूळ रंगाच्या फक्त 256 पायऱ्या असतात. चकाकीच्या जागी लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही वरच्या टोकाला, म्हणजे 255 वर जाऊन बसले असतील तर तिथे माहितीच उरलेली नसते. अशा जागी हायलाइट्स कितीही खाली ओढले तरी खवले परत येत नाहीत, पांढऱ्या डागाचा राखाडी डाग होतो आणि मासा प्लास्टिकचा वाटण्याची सुरुवात इथूनच होते. म्हणून हायलाइट्स थोडेच खाली घ्यावेत. जो डाग हलत नाही तो तसाच पांढरा राहू द्यावा, कारण ओल्या वस्तूवर एखादी लखलखती जागा असणे स्वाभाविक आहे आणि नजर ती स्वीकारते.

याचा खरा उपाय फोटो काढतानाच आहे. मोबाइलवर माशाच्या सर्वांत चकाकणाऱ्या भागावर बोट टेकवावे आणि शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह खाली ओढून फोटो जरा काळोखा घ्यावा. काळोखा भाग नंतर उजळता येतो, जळालेला भाग परत आणता येत नाही. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवून, फोटो काढण्याची सोय असलेल्या मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर ती वापरावी. 12 किंवा 14 बिटांच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या हजारो पायऱ्या नोंदलेल्या असतात, त्यामुळे चकाकीतले बारकावे बऱ्याच अंशी वाचवता येतात आणि व्हाइट बॅलन्सही नुकसान न होता बदलता येतो. स्नॅपसीड आणि लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या दोन्ही ॲपमध्ये डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडते.

कॅमेरा असलेल्यांनी पोलरायझर फिल्टर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवीकृत) प्रकाश अडवणारी भिंगापुढची काच, वापरून पाहावा, पण त्याच्याकडून अपेक्षा मर्यादित ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावरची आणि माशावरच्या ओल्या थराची झळाळी तो कमी करतो, विशेषतः पृष्ठभागाकडे तिरक्या कोनातून पाहताना. त्वचेतल्या स्फटिकांवरून येणारा प्रकाश मात्र त्याला तितकासा जुमानत नाही. युरोपीय सार्डिन आणि अटलांटिक हेरिंग या माशांच्या त्वचेत दोन प्रकारचे ग्वानिन स्फटिक अशा रीतीने मिसळलेले असतात की परावर्तित प्रकाशाचे ध्रुवीकरण फारसे होत नाही, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

उजेड जागेवर आल्यावर व्हाइट बॅलन्स थर्माकोलवरून किंवा, आधी विचार केला असेल तर, मुद्दाम चौकटीत धरलेल्या राखाडी कार्डावरून बसवावा. त्यानंतर उरलेला निळेपणा फक्त माशापुरता कमी करावा. लाइटरूममध्ये माशावर मास्क काढून, म्हणजे बदल फक्त तेवढ्याच भागावर व्हावा म्हणून तो भाग निवडून, त्यातले सॅच्युरेशन उतरवता येते आणि टेम्परेचर किंचित उबदार करता येते; स्नॅपसीडमध्ये हेच काम ब्रशमधील सॅच्युरेशन आणि टेम्परेचर वापरून बोटाने करता येते. फोटो मोठा करून कडेकडेने ब्रश फिरवावा, अन्यथा हाताच्या बोटांवरचा रंग उडतो आणि मासा मृत हातांत असल्यासारखा दिसतो.

निळेपणा किती काढावा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर माशाच्या जातीवर अवलंबून आहे. बांगड्याची पाठ मुळातच निळसर हिरवी असते आणि तिच्यावर अंगाच्या लांबीने जाणाऱ्या काळपट रेघा असतात. ती राखाडी केली तर तो बांगडा राहत नाही. सुरमईच्या पाठीवरही पोलादी निळी छटा असते. म्हणून पाठीकडे न पाहता पोटाकडे पाहावे. पोटाचा भाग पांढरट चंदेरी दिसू लागला की थांबावे आणि पाठीवर जे उरले ते माशाचे स्वतःचे समजावे. पापलेटच्या बाबतीत अधिक जपावे लागते, कारण त्याची वरची बाजू राखाडी निळी आणि खालची पांढरी असून मधला उतार अतिशय मृदू असतो, आणि तोच उतार इफेक्टमध्ये सर्वांत आधी तुटतो. महाराष्ट्र शासनाने 2023 साली राज्य मासा म्हणून घोषित केलेला हा मासा फोटोत तरी त्याच्या खऱ्या रंगात दिसावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

मांदेलीचा प्रश्न याच्या अगदी उलट आहे. तिचा सोनेरी रंग तिचा स्वतःचा आहे आणि रंगांच्या पट्टीत तो माणसाच्या त्वचेच्या शेजारी, पिवळ्या आणि नारिंगीच्या मध्ये बसतो. हात नारिंगी झाले म्हणून पूर्ण फोटोतला नारिंगी रंग उतरवला तर मांदेली वाळक्या गवतासारखी दिसते. तिथे मास्क हातांवर काढावा, मासळीवर काढू नये. हीच काळजी राणीमाशाच्या गुलाबी रंगाबाबतही घ्यावी.

खवले खरखरीत दिसत असतील तर

क्लॅरिटी, स्ट्रक्चर, एचडीआर आणि डीहेझ हे चारही इफेक्ट थोड्याफार फरकाने एकच गोष्ट करतात: शेजारशेजारच्या उजळ आणि काळ्या भागांतले अंतर वाढवतात. जाळ्याच्या गाठी, बोटीचे जुने लाकूड, दोरखंड आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील यांना हा इफेक्ट शोभतो. चंदेरी त्वचेवर मात्र प्रत्येक खवल्याची चकाकी आणि तिच्या कडेची सावली वेगळी पडते आणि मासा पॉलिशकागदासारखा दिसतो. पहाटेच्या कमी उजेडात काढलेल्या फोटोत आधीच रवाळपणा असतो. तोही याच इफेक्टने वर येतो. माझी पद्धत अशी आहे की संपूर्ण फोटोवर हा इफेक्ट देत नाही. मासा वगळून पार्श्वभूमीवर देतो, किंवा संपूर्ण फोटोवर आधीच दिला गेला असेल तर स्नॅपसीडच्या केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन तो बदल फक्त हव्या त्या भागावर ब्रशने लावतो. माशाच्या डोळ्यावर आणि कल्ल्याच्या कडेवर तो किंचित दिला तर हरकत नाही.

डीहेझबद्दल वेगळे सांगावे लागते. थंडीत मुंबईच्या समुद्रावर सकाळी धुरकट पडदा असतो, त्यात वरळीहून सागरी सेतूही पुसट दिसतो, आणि तो पडदा हटवण्याचा मोह होणे साहजिक आहे. हा इफेक्ट काळोखे भाग अधिक काळे करतो आणि रंगही गडद करतो, त्यामुळे दूरचे दृश्य स्पष्ट होते, परंतु जवळचा मासा आणि माणसाचा चेहरा काळवंडतो. बोट आणि आकाश जिथे भेटतात तिथे पांढरी कडा उमटली असेल तर इफेक्ट जास्त झाला आहे, हे निश्चित समजावे. धुके क्षितिजाच्या पट्ट्यापुरतेच कमी करावे, आणि ते पूर्ण काढू नये, कारण तो त्या सकाळचा खराखुरा उजेड असतो.

पहाटेच्या दिव्यांखालचे फोटो

ससून डॉक 1875 साली सुरू झाले आणि आजही तिथला लिलाव सूर्योदयापूर्वीच जोरात असतो, त्यामुळे तिथले बरेच फोटो दिव्यांच्या उजेडातच निघतात. या फोटोंत दोन दोष असे येतात की ते इफेक्टने जात नाहीत. पहिला दोष म्हणजे फोटोवर आडवे काळसर पट्टे. आपल्याकडे विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात, आणि शटर फार वेगवान असेल तर ही उघडझाप फोटोत पट्ट्यांच्या रूपाने पकडली जाते. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवले की पट्टे बहुधा नाहीसे होतात. एकदा उमटलेले पट्टे ब्रशने झाकत बसण्यात मी पूर्वी तासन्‌तास घालवले आहेत. त्याचा उपयोग होत नाही.

दुसरा दोष जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा. काही गल्ल्यांत आणि धक्क्यांवर ते अजून दिसतात. त्यांच्या प्रकाशात पिवळ्या-नारिंगीखेरीज इतर रंग जवळजवळ नसतातच, आणि जो रंग प्रकाशातच नाही तो व्हाइट बॅलन्सने कुठून आणणार? तो ताणत गेले की मासा मळकट जांभळा होतो. अशा फोटोसाठी मी निःसंकोचपणे कृष्णधवल इफेक्टची शिफारस करतो, आणि ती नाइलाजाची तडजोड मानू नये. चंदेरी त्वचा, बर्फ, ओली जमीन आणि कोळणींच्या हातांवरच्या रेषा या सगळ्यांचे सौंदर्य उजेड-सावलीतच आहे. एलईडी दिव्यांत किंवा दिवसा काढलेला फोटो कृष्णधवल करताना रंगांचे स्लायडर वापरून निळा रंग काळोखा केला तर ताडपत्री मागे जाते आणि मासा पुढे येतो. नारिंगी थोडा उजळला तर चेहरे खुलतात.

फोटो विक्रीसाठी असेल तर

आमच्या वसाहतीत टोपली घेऊन येणाऱ्या मावशी काही काळापासून सकाळी मासळीचे फोटो गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात. एकदा त्यांनी मला फोटो नीट करून द्यायला सांगितले आणि मी उत्साहाने पापलेटांना गार, निळसर इफेक्ट दिला. बर्फ अधिक थंड दिसेल, असा माझा हिशेब होता. दोन गिऱ्हाइकांनी पापलेट शिळे दिसते म्हणून मागणी रद्द केली. पापलेट त्याच पहाटेचे होते. त्या दिवशी त्यांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई त्यांनी घेतली नाही, आणि ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हापासून विक्रीच्या फोटोसाठी मी काही नियम पाळतो. डोळा आणि कल्ले यांच्या रंगाला अजिबात हात लावत नाही, कारण गिऱ्हाईक मासळीचा ताजेपणा त्यावरूनच पारखते. कल्ल्यांचा लाल रंग वाढवणे म्हणजे शिळी मासळी ताजी म्हणून दाखवणे, आणि तो कमी होऊ देणे म्हणजे ताज्या मासळीवर अन्याय करणे. फक्त उजेड आणि व्हाइट बॅलन्स दुरुस्त करतो. मासळी निळ्या ताडपत्रीऐवजी पांढऱ्या थर्माकोलवर किंवा टोपलीतच ठेवायला सांगतो आणि फोटो उघड्या उन्हाऐवजी छत्रीच्या सावलीत काढतो. छत्री काळी असावी, हे मात्र आवर्जून पाहावे, कारण लाल किंवा निळ्या छत्रीचा रंगही मासळीवर उतरतो.

गरवणाऱ्यांनाही हेच लागू पडते. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तेव्हा खडकांवरून गरवणाऱ्यांचे फोटो अधिक येतात आणि ढगाळ आकाशामुळे ते मुळातच चांगले असतात. ढगांतून येणारा पसरट उजेड चकाकी जाळत नाही. फक्त संपूर्ण फोटो किंचित निळा असतो आणि तो व्हाइट बॅलन्सने सहज सुटतो. या दिवसांतल्या फोटोंना मावसभाऊ अजूनही एखादा झगझगीत इफेक्ट देऊन पाठवतो. मी त्याच्याकडे मूळ फाइल मागतो, आणि ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. साध्या फोटोच्या रूपात पाठवलेली फाइल लहान होऊन येते, आणि तिच्यात उजेड थोडा जरी वाढवला तरी आकाशात पायऱ्या आणि माशाच्या अंगावर चौकोनी तुकडे दिसू लागतात. ज्या फोटोवर इफेक्ट देऊन मूळ प्रत पुसली गेली आहे, त्याच्यावर या लेखातला कोणताही उपाय पूर्णपणे चालत नाही.